मातीत दबा धरून बसलेला शत्रू

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगास असलेला मुळशी तालुका हा मूळचा भाताचा मुलूख. ताम्हिणीच्या बाजूस पाऊस अतोनात पडतो. पौडकडे तो उतरत जातो आणि पिरंगुट-भूगावपर्यंत येता येता बराच कमी होतो. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, आणि खालच्या खाचरांत आंबेमोहोर किंवा इंद्रायणी भात, अशी येथील शेतीची जुनी घडी आहे. गेल्या काही वर्षांत ह्या घडीत मोठा पालट झाला. पुण्याची बाजारपेठ जणू दाराशी आली, विहिरींवर व नदीकाठी पंप बसले, ठिबकच्या नळ्या आल्या आणि खाचरांच्या शेजारी, पुष्कळदा प्रत्यक्ष खाचरांतच, टोमॅटो, वांगी व ढोबळी मिरची उभी राहिली. थोड्या गुंठ्यांत रोख पैसा देणारी पिके शेतकऱ्याने जवळ केली ह्यात त्याचे काही चुकले नाही. लहान शेतकऱ्याच्या घरात त्या पैशाने मुलांची शिक्षणे झाली आहेत, कर्जे फिटली आहेत.

परंतु ह्या पिकांच्या मागोमाग मर रोगही आला. फळधारणेच्या ऐन भरात टोमॅटोचे हिरवेगार झाड भर दुपारी मान टाकते, संध्याकाळी पुन्हा ताठ होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मान टाकते आणि तीन-चार दिवसांत पाने फारशी पिवळी न पडता हिरवेच सुकून जाते. आज ओळीतील एक झाड गेले, उद्या शेजारची दोन गेली, आठवड्याने पाण्याच्या वाहत्या दिशेने सारी ओळ गेली, असा हा क्रम असतो. रोपे, काठ्या, तार, खत व मजुरी ह्यांवरील सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि माल बाजारात जाण्याच्या सुमारास पीक हातचे जाते. ज्याचे सारे क्षेत्रच अर्धा एकर आहे, त्याच्या दृष्टीने ही सबंध वर्षाची हानी होय.

अशा वेळी गावोगाव तीन उपाय केले जातात. झाड सुकते म्हणून पाणी वाढविले जाते. दुकानदाराने दिलेले औषध पानांवर फवारले जाते. आणि इतके करूनही पीक गेले, की उन्हाळाभर शेत नांगरून तापत टाकून पुढल्या हंगामात पुन्हा तेच पीक घेतले जाते. कारण ‘मे महिन्याच्या उन्हात जंतू काय टिकणार’ अशी समजूत असते. हे तिन्ही उपाय अपुरे पडतात, आणि पहिला तर उघड अपायकारक आहे. ते अपुरे का पडतात हे कळण्यासाठी ह्या जंतूची जगण्याची रीत समजून घेतली पाहिजे. ती न समजता केलेला खर्च म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असाच प्रकार होय.

पुणे जिल्ह्याची जुनी ओळख

हा रोग पुणे जिल्ह्यास नवा नाही. भारतात ह्या रोगाची पहिली नोंद पुणे जिल्ह्यातील बटाट्यावर १८९२ साली झाली असे मानले जाते. म्हणजे अमेरिकन शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ ह्याने १८९६ साली ह्या जंतूचे शास्त्रीय वर्णन केले, त्यापूर्वीच येथील शेतकरी त्याच्या उपद्रवाने गांजलेला होता. रोगट बटाटा आडवा कापला असता सालीच्या आत तपकिरी रंगाचे कडे दिसते आणि दाबल्यास त्यातून पांढरट चिकट द्रव पाझरतो. ह्या कड्यावरूनच बटाट्यावरील ह्या रोगास ‘बांगडी’ हे नाव पडले. बांगडी आणि टोमॅटो-वांग्यावरील जिवाणूजन्य मर ही एकाच जंतुकुळाची करणी आहे, ही गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. आजही खेड-आंबेगावकडील खरीप बटाट्याच्या पट्ट्यातून खाण्यासाठी आणलेला बटाटा बियाणे म्हणून लावण्याचा मोह कोणाला झाला, तर वरून निरोगी दिसणाऱ्या बटाट्यातून रोग दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकतो.

शास्त्रात ह्या जंतूचे नाव अनेकदा बदलले. १९९५ पासून त्यास ‘राल्स्टोनिया सोलॅनसिएरम’ असे म्हणतात, आणि २०१४ साली संशोधकांनी ह्या एका नावाखालील जंतूंचे तीन निरनिराळ्या जातींत विभाजन केले. शेतकऱ्यास ह्या नावांशी कर्तव्य नाही. त्याने एवढेच लक्षात ठेवावे, की पन्नासहून अधिक कुळांतील दोनशेंहून अधिक वनस्पतींवर हे जंतू जगू शकतात, आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू, भुईमूग व आले ही पिके त्यांत येतात. सबब टोमॅटो गेला म्हणून त्याच जागी वांगी लावणे म्हणजे चोराला एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीची किल्ली देणे आहे.

जंतू तग कसा धरतो

काही रोगजंतू मातीत टिकण्यासाठी बीजाणू तयार करतात. धनुर्वाताचा जंतू व गुरांच्या फऱ्या रोगाचा जंतू ही त्याची परिचित उदाहरणे होत. बीजाणू म्हणजे जाड कवचातील निद्रिस्त जीव. तो ऊन, दुष्काळ व वर्षे पचवितो. म्हणूनच फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी टोचून घ्यावी लागते. मर रोगाचा जंतू असा बीजाणू तयार करीत नाही. वरवर पाहता तो नाजूक आहे. पूर्ण कोरड्या मातीत तो फार काळ टिकत नाही, आणि कडक उन्हात तापलेल्या मातीच्या वरच्या थरात त्याची संख्या झपाट्याने घटते. एवढ्यावरूनच ‘उन्हाळ्यात मर मरते’ ही समजूत रूढ झाली, आणि तिच्यात अर्धे सत्य आहे.

उरलेले अर्धे सत्य जमिनीच्या पोटात आहे. मुळशीच्या खोऱ्यांत मे महिन्यात वरची वीतभर माती भाजून निघाली, तरी खालच्या थरांत ओल राहते. खाचरांच्या चिकण मातीत व ओढ्याकाठच्या जमिनीत ती विशेष राहते. ह्या खालच्या ओलसर थरांत जंतू सुरक्षित असतो. शिवाय कुजत पडलेल्या मुळांच्या तुकड्यांत तो घर करतो. तेथे तो आपल्याभोवती चिकट बुळबुळीत द्रव्याचे आवरण निर्माण करतो. ह्या आवरणामुळे त्याचे कोरडेपणापासून संरक्षण होते. हेच द्रव्य झाडाच्या आत गेल्यावर पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवून टाकते. झाड पाण्यात उभे असूनही तहानेने मरते ते ह्यामुळे. अशा झाडाला अधिक पाणी दिल्याने त्याची तहान भागत नाही. उलट वाहत्या पाण्याबरोबर जंतू पुढच्या झाडापर्यंत पोचतात.

उपासमार सोसण्याची ह्या जंतूची शक्ती तर आश्चर्यकारक आहे. प्रयोगशाळांत ह्या जंतूची वाणे जपून ठेवण्याची एक साधी रीत आहे. निर्जंतुक केलेल्या शुद्ध पाण्याच्या नळीत ती ठेवतात. त्यात खाद्य काहीही घालीत नाहीत. साध्या खोलीच्या तपमानात अशा नळीत तो कित्येक वर्षे जिवंत राहतो. जो जीव निव्वळ पाण्यावर वर्षे काढतो, तो एका उन्हाळ्याच्या पडीक रानात उपाशी मरेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

ह्याहून अवघड गोष्ट म्हणजे त्याची झोप. थंडी, खाद्याचा अभाव किंवा तांब्याचे क्षार ह्यांसारख्या प्रतिकूल परिस्थितीत ह्या जंतूच्या पेशी अशा अवस्थेत जातात, की त्या जिवंत असतात, परंतु प्रयोगशाळेतील खाद्याच्या थाळीवर वाढत नाहीत. अशा वेळी मातीच्या तपासणीत जंतू आढळला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. अनुकूल परिस्थिती आली आणि यजमान झाडाचे मूळ जवळ आले, म्हणजे ह्यांपैकी काही पेशी पुन्हा जाग्या होऊन रोग निर्माण करू शकतात, असे संशोधनात दिसून आले आहे. तांबेयुक्त औषध जमिनीत ओतून रोग ‘बंद झाला’ असे वाटते आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा डोके वर काढतो, ह्याचे एक संभाव्य कारण येथे सापडते.

मातीत असताना हा जंतू निराळा वागतो आणि झाडात शिरल्यावर निराळा. मातीत तो विरळ असतो. तेव्हा तो चपळ असतो, मिळेल त्या खाद्यावर गुजराण करतो आणि मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या अनुरोधाने पोहत मुळाकडे जातो. जेथे उपमूळ फुटते ती फट, खुरपणीने झालेली जखम किंवा सूत्रकृमीने पाडलेले छिद्र हा त्याचा दरवाजा होय. आत शिरून त्याची संख्या वाढली, की जंतू परस्परांनी सोडलेल्या रासायनिक खुणांवरून आपल्या संख्येचा अंदाज घेतात आणि मग एकदम चिकट द्रव्य निर्माण करण्याचा उद्योग आरंभतात. रानात रोगाचे काहीच चिन्ह नसणे आणि चार दिवसांत ओळ कोसळणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच जंतूच्या स्वभावातून येतात.

शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित आश्रय म्हणजे तण. बांधावरची कांगुणी आणि ओलसर जागी माजणारी ओसाडी ही तणे बाहेरून टवटवीत दिसतात, पण त्यांच्या मुळांत हा जंतू लपून राहू शकतो. ह्याचे मोठे प्रत्यंतर १९९५ साली नेदरलँड्समध्ये आले. तेथे बटाट्यावर ह्या रोगाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा कालव्यांच्या काठी पाण्यात मुळे सोडून वाढणारी कांगुणीच्याच कुळातील एक रानवेल जंतूला आश्रय देत असल्याचे, आणि त्या पाण्याने शेते भिजविल्यामुळे रोग पसरत असल्याचे उघड झाले. तेथील शासनाला बाधित भागात कालव्याच्या पाण्याने बटाटा भिजविण्यास मनाई करावी लागली. ज्या देशाजवळ शास्त्र, पैसा व यंत्रणा ह्यांची वाण नाही, त्यालाही पाणी आणि तण ह्यांच्यापासूनच आरंभ करावा लागला.

खाचर हे संरक्षण आहे

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. ह्या जंतूला शेतात मारून टाकणारे औषध नाही. त्याला यजमान मिळू न देणे आणि त्याला नव्या शेतात न नेणे हेच खरे उपाय आहेत. आणि ह्या दृष्टीने मुळशीच्या शेतकऱ्याच्या हाती जे साधन आहे, ते पुष्कळ ठिकाणच्या भाजी-उत्पादकांना हेवा वाटावा असे आहे. ते साधन म्हणजे भाताचे खाचर.

भात, नाचणी, वरी, मका, ज्वारी व गहू ही गवतकुळातील पिके ह्या जंतूचे नेहमीचे यजमान नव्हेत. त्यांत भाताच्या खाचरात दीर्घकाळ पाणी उभे राहते, मातीतील प्राणवायू कमी होतो, इतर सूक्ष्मजीवांचा समाज पालटतो आणि मर रोगाचा जंतू त्या स्पर्धेत मागे पडतो. म्हणूनच भात-फेरपालट हा जगभर ह्या रोगावरील मान्य उपाय आहे. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ह्या जंतूस प्राणवायू कमी असला तरी नायट्रेटच्या आधारे काही काळ निभावून नेता येते. म्हणून भाताचा एक हंगाम झाला की रान शुद्ध झाले, असे समजू नये. दरवर्षी खरिपात भात व त्यामागून दरवर्षी त्याच खाचरात टोमॅटो, हा क्रम रोग लागलेल्या रानात पुरेसा नाही. भाताने घटविलेली जंतूंची संख्या टोमॅटो पुन्हा भरून काढतो. अशा रानात टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ह्यांपैकी एकही पीक किमान दोन ते तीन वर्षे येऊ नये आणि त्या काळात खरिपात भातच असावा.

आणि नेमके ह्याच्या उलट घडू लागले आहे. काही ठिकाणी भात परवडत नाही म्हणून खाचराचे बांध फोडून, गादीवाफे करून, खरिपातही टोमॅटो किंवा मिरची घेतली जाते. एखाद-दुसऱ्या वर्षी भाव चांगला मिळतो व तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. परंतु बांध फोडणारा शेतकरी केवळ भात सोडीत नसतो. मर रोगाविरुद्धचे आपले सर्वांत स्वस्त संरक्षण तो स्वतःच्या हाताने मोडीत असतो. खाचर बांधण्यास पिढ्या लागल्या. ते मोडण्यास ट्रॅक्टरला एक सकाळ पुरते.

‘मग तीन वर्षे खायचे काय?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचे उत्तर न देता फेरपालटीचा उपदेश करणे हे केवळ शब्दपांडित्य ठरेल. भाजीपाला सोडावा असे कोणी म्हणत नाही. भाजीचे कूळ बदलावे एवढेच म्हणणे आहे. भातानंतर कांदा, लसूण, कोबी, फुलकोबी, मेथी, कोथिंबीर, काकडी, दोडका व मधुमका ही पिके पुण्याच्या बाजारात खपणारी आहेत आणि ह्या रोगाचा त्रास त्यांना सहसा होत नाही. त्यांचा पैसा चांगल्या वर्षीच्या टोमॅटोइतका होणार नाही, हे मान्य. परंतु तुलना चांगल्या वर्षीच्या टोमॅटोशी न करता मर लागलेल्या टोमॅटोशी केली पाहिजे.

एका शेतकऱ्याने करून भागणार नाही

मुळशीतील खाचरे डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक आहेत. वरच्या खाचराचे पाणी मोरीतून खालच्यात उतरते. भाताच्या दृष्टीने ही रचना उत्तम. रोगाच्या दृष्टीने मात्र वरच्याचा हलगर्जीपणा खालच्याच्या माथी बसतो. मेलेली झाडे उपटून ओढ्यात टाकली, तर ती खालच्या वाडीच्या पंपापर्यंत जातात. शेणखताच्या उकिरड्यात टाकली, तर खताबरोबर साऱ्या शिवारात फिरतात. चिखलणीसाठी भाड्याने आणलेला पॉवर टिलर रोगट रानातून निघून चिखलाने माखलेल्या चाकांसह सरळ दुसऱ्या रानात शिरतो. अशा स्थितीत एकट्याने घेतलेली काळजी निम्मीच कामाची ठरते.

ह्याहून नाजूक गोष्ट म्हणजे रोग लपविण्याची प्रवृत्ती. जमीन खंडाने देताना ‘ह्या रानात मर आहे’ असे सांगितले तर खंड कमी मिळेल म्हणून मालक गप्प राहतो. खंडाने घेणारा एका हंगामाचा विचार करून जातो. आणि पुढचा कसणारा फसतो. रोपवाटिकेत रोग आला तर तीही वार्ता दडपली जाते. माणसाचा संसर्गजन्य आजार लपविणे आज गावात निंद्य मानले जाते. रानाचा आजार लपविणेही तितकेच निंद्य मानले गेले पाहिजे. रानात मर येणे ही लाजेची गोष्ट नाही. ती ठाऊक असून शेजाऱ्याला न सांगणे ही लाजेची गोष्ट आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य

येथे विस्तारकार्याचीही काही जबाबदारी आहे. ‘झाड सुकते’ असे ऐकताच औषधाचे नाव सांगून मोकळे होणे सोपे असते आणि शेतकऱ्यालाही तेच हवे असते. परंतु सुकण्याची कारणे अनेक आहेत: बुरशीजन्य मर, मूळकुज, सूत्रकृमी, पाण्याचा अभाव किंवा अतिरेक. जिवाणूजन्य मर ओळखण्याची कसोटी इतकी साधी आहे, की ती न करता सल्ला देणे अक्षम्य मानावे. नुकत्याच सुकलेल्या झाडाचे जमिनीलगतचे खोड कापून त्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात, टोक पाण्यात बुडेल असा, हलवू न देता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, म्हणजे रोग जिवाणूजन्य आहे असे समजावे. बुरशीजन्य मर असेल तर असे धागे येत नाहीत. ह्या कसोटीस एक पेला, एक चाकू व थोडा धीर एवढेच साहित्य लागते. ती शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, शक्य तर शेजाऱ्यांना बोलावून करावी; कारण स्वतःच्या झाडातून उतरणारा जंतूंचा धागा पाहिलेला शेतकरी पुन्हा पानावर औषध मारण्यास सहजी तयार होत नाही.

प्रतिजैविकांच्या फवाऱ्याविषयी तर स्पष्ट बोलले पाहिजे. रोग मुळात व खोडाच्या नलिकांत असता पानावर फवारलेले औषध तेथे पोचून जंतूंचा नायनाट करील ही आशा फोल आहे. शिवाय शेतात वापरली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी द्रव्ये माणसाच्या क्षयरोगावरील उपचारात कामी आलेली आहेत. निरर्थक फवाऱ्यांनी जंतूंना अशा औषधांची सवय लावणे, हे शेताचे नव्हे तर दवाखान्याचेही नुकसान होय.

कार्यकर्त्याने प्रत्येक गावासाठी एक साधी वही ठेवावी. तीत गट क्रमांक, हंगाम, पीक, पेल्याची कसोटी केल्याची तारीख व तिचा निकाल एवढीच नोंद असावी. तीन-चार वर्षांत कोणत्या ओघळीच्या वाटेने रोग सरकतो, कोणत्या रोपांबरोबर तो आला आणि कोणत्या खाचरात भाताने तो दबला, ह्याचे चित्र गावापुढे उभे राहील. ही वही ग्रामसभेत वाचली जावी. विस्तारकार्याचे यश किती प्रात्यक्षिके झाली ह्यावर मोजले जाते. ते किती रानांतून मर हटली ह्यावरही मोजले गेले, तर कामाची दिशा आपोआप सुधारेल.

हाती घेण्यासारख्या गोष्टी

रोग येण्यापूर्वीच पुढील गोष्टी करणे श्रेयस्कर. रोपे मातीच्या वाफ्यातील न आणता ट्रेमधील, निर्जंतुक माध्यमात वाढविलेली घ्यावीत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली टोमॅटोची ‘अर्का रक्षक’ व ‘अर्का सम्राट’ ही संकरित वाणे आणि वांग्याची ‘अर्का केशव’, ‘अर्का निधी’ व ‘अर्का नीलकंठ’ ही वाणे ह्या रोगास प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध आहेत. तथापि जंतूंचे प्रकार भागागणिक निराळे असल्यामुळे कोणतेही वाण प्रथम थोड्या ओळींत लावून पाहावे. प्रतिकारक रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे हाही चांगला मार्ग आहे. ठिबक सिंचन शक्य असेल तेथे पाटाने पाणी देऊ नये. बटाटा लावायचा तर खात्रीचे प्रमाणित बियाणेच घ्यावे. बटाट्यासाठी सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने लागवडीच्या वेळी सरीत खताबरोबर हेक्टरी १२ किलो स्थिर ब्लीचिंग पावडर देण्याची शिफारस केली आहे.

उन्हाळी नांगरट सोडू नये. तिने रोग नाहीसा होत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु वरच्या थरातील जंतू घटतात व मुळांचे अवशेष वाळतात, हा लाभ लहान नाही. रोपवाटिकेच्या जागेपुरते, एप्रिल-मे महिन्यांत जमीन भिजवून तीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवल्यास नांगरटीपेक्षा अधिक उष्णता खोलवर पोचते. घाटाकडील तांबड्या जमिनी आम्ल असतात. तेथे मातीपरीक्षण करून सांगितलेल्या प्रमाणात चुना द्यावा. बांधावरील कांगुणी व ओसाडी फुलण्याची वाट न पाहता काढावी.

रोग दिसल्यास पहिले झाड दिसताच त्या ओळीचे पाणी तोडावे. झाड मुळासकट, भोवतीच्या मातीसह पोत्यात घालून बाहेर काढावे आणि पाण्याच्या वाटेपासून दूर जाळावे. त्या खड्ड्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतावे. रोगट भागात काम शेवटी करावे, आणि तेथून निघताना खुरपे, पादत्राणे व अवजारे धुवावीत. पॉवर टिलर दुसऱ्या रानात नेण्यापूर्वी त्याची पाती व चाके त्याच रानात स्वच्छ करून घ्यावीत. मालकाने घाई केली तरी शेतकऱ्याने आग्रह धरावा.

ह्या सर्व गोष्टींत महाग असे फारसे काही नाही. त्यांत कष्ट आहेत, शिस्त आहे आणि शेजाऱ्याशी खरे बोलण्याची तयारी आहे. मर रोगाच्या जंतूजवळ बीजाणूचे कवच नाही. ओल, उपासमार सोसण्याची शक्ती आणि वाट पाहण्याचा धीर एवढ्यावर तो टिकून आहे. त्याच्या धीराला शेतकऱ्याच्या धीरानेच उत्तर देता येईल, आणि तो धीर धरण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्याने नवीन काही शोधण्याची गरज नाही. वाडवडिलांनी बांधून ठेवलेले खाचर त्याच्या दाराशी आहे. येत्या पावसाळ्यात मर लागलेल्या प्रत्येक खाचराचा बांध दुरुस्त होऊन त्यात भात उभा राहिला, तर पुढल्या दोन-तीन वर्षांत त्याचा परिणाम शिवारात दिसल्याशिवाय राहणार नाही.